मौल्यवान ग्राहक

९९९ रुपये ही मोठी चमत्कारिक रक्कम आहे. दोनशे असते तर माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो. पाच हजार असते तर बाह्या सरसावून भांडायला तरी उभा राहतो. ९९९ सोडवतही नाहीत आणि त्यांच्यासाठी भांडायची लाजही वाटते. त्यात ते ९९९ नसतातच. वर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ८९ रुपये ९१ पैसे केंद्राचे, तेवढेच राज्याचे, आणि आकडा जातो १,१७८ रुपये ८२ पैशांवर. मी एक क्रेडिट कार्ड बाळगतो याची दखल दोन-दोन सरकारं घेतात. घरात मात्र कोणी घेत नव्हतं, तो मेसेज येईपर्यंत.

मेसेज आला रविवारी, ताटं उचलायच्या वेळी. ‘प्रिय मौल्यवान ग्राहक, आपल्या कार्डाचं वार्षिक शुल्क लवकरच आकारण्यात येईल. वर्षभरात १,५०,००० रुपये खर्च केल्यास शुल्क माफ. आपला आतापर्यंतचा खर्च १,३८,४०० रुपये.’ मी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, कारण त्यात मला मौल्यवान म्हटलं होतं.

“अहो, मौल्यवान म्हणजे नक्की किती?” बायकोने विचारलं.

“आई, ११७८ रुपये ८२ पैसे,” मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली.

हे कार्ड मला मिळालं एका मॉलमध्ये, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी. टाय लावलेला एक मुलगा तिथे स्टूल टाकून उभा होता. मी नजर चुकवून सटकणार तोच त्याने विचारलं, “सर, आपण कुठल्या कंपनीत मॅनेजर आहात?” मी कुठल्याच कंपनीत मॅनेजर नाही. पण रविवारच्या त्या जत्रेत त्याला नेमका मीच मॅनेजर दिसलो म्हटल्यावर चार शब्द बोलणं भाग होतं.

“पहिलं वर्ष फ्री, सर.”

“आणि नंतर?”

“नंतर बंद करून टाकायचं. सिंपल.”

वर त्याने एक लाल ट्रॉली बॅग दिली. तिचं एक चाक फिरत नाही. त्यामुळे ती ओढत नेली की गिरकी घेऊन आपल्याच समोर येऊन उभी राहते आणि लोकांना वाटतं, आपण बॅगेशी बोलतोय. सध्या ती माळ्यावर असते.

त्या मुलाचं ‘बंद करून टाकायचं’ ऐकायला सोपं होतं, पण तो बहुधा आमच्यासारख्या घरात वाढलेला नसावा. आमच्याकडे काहीही बंद करून टाकायची पद्धत नाही. ‘असू दे, लागेल’ हे आमचं कुलदैवत आहे. श्रीखंडाचे रिकामे डबे असू देत, लागतील. ज्या फोनला जाऊन एक तप लोटलं त्याचा चार्जर असू दे, लागेल. कार्डही त्याच न्यायाने कपाटात पॅनकार्डाच्या झेरॉक्सांखाली पडून राहिलं असतं. फरक इतकाच, की श्रीखंडाचा डबा दर वर्षी आपल्याकडे भाडं मागत नाही.

“बंद करून टाका,” बायको म्हणाली. तिच्या माहेरीही श्रीखंडाचे डबे आहेत, पण दुसऱ्याच्या कार्डाविषयी माणूस तटस्थपणे विचार करू शकतो.

त्याच दिवशी नेमका साताऱ्याहून मेहुणा आलेला होता. माझ्या मेहुण्याकडे सात कार्डं आहेत आणि कोणतं कार्ड कुठे काढायचं याचा एक तक्ता आहे. तो पेट्रोल एका कार्डाने भरतो, भाजी दुसऱ्याने घेतो आणि लग्नात आहेर तिसऱ्याने करतो. गेल्या पाच वर्षांत आपण एक रुपयाही फी भरलेली नाही, असं तो सांगतो. गेल्या पाच वर्षांत त्याने दुसरंही काही केलेलं नाही, असं बायको सांगते. भाऊ तिचा असल्याने मी त्यावर बोलत नाही.

“दाजी, बंदबिंद काय करायचं नाही,” तो म्हणाला. “फक्त ११,६०० राहिलेत. तेवढे मारले की फी माफ.”

“म्हणजे अकराशे वाचवायला अकरा हजार घालवायचे?” बायको.

“ताई, घालवायचे नाहीत. फिरवायचे.”

योजना अशी होती : नातेवाइकांना जे घ्यायचंच आहे ते त्यांनी माझ्या कार्डावर घ्यायचं आणि मला रोख पैसे द्यायचे. खर्च त्यांचा, माफी माझी. कागदावर यात काहीही खोट नव्हती. नातेवाईक कागदावर नसतात, एवढंच.

सुरुवात घरापासून करावी म्हणून एअर फ्रायर घ्यायला गेलो. किंमत ७,४९९ रुपये. विक्रेता म्हणाला, “सर, नो कॉस्ट ईएमआय करून देऊ? एक पैसा जास्त पडणार नाही.” एक पैसा जास्त पडणार नाही हे ऐकूनही ‘नको’ म्हणणारा माणूस मला पुण्यात दाखवून द्यावा. ईएमआय केला. येताना गाडीची टाकी काठोकाठ भरली, स्कूटरचीही भरली. दोन्ही वाहनं त्यानंतर कितीतरी दिवस जागची हलली नाहीत, कारण कुठे जायचं नव्हतं. पण टाकी भरल्याचं समाधान असतंच.

मग मेहुण्याने त्याच्या गाडीचे दोन टायर घेतले, ७,६०० रुपयांचे. “दाजी, पगार झाला की टाकतो.” त्यानंतर मावशी. मावशीला भाचीच्या मंगळागौरीसाठी साडी घ्यायची होती. लक्ष्मी रोडवर आम्ही गेलो. मावशीने अख्खं दुकान गादीवर उलगडून घेतलं आणि शेवटी पहिलीच साडी पसंत केली. सहा हजार. मी कार्ड काढलं तसा गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, “कार्डावर दोन टक्के पडतील.” म्हणजे १२० रुपये वर. मावशी म्हणाली, “तू देतोयस ना? मग मला कशाला विचारतोस?” आणि पिशवी उचलून चालू पडली.

घरी येऊन मी हिशोब केला. १,३८,४०० अधिक ७,६०० अधिक ६,१२०. एअर फ्रायर आणि पेट्रोल धरलंही नव्हतं, तरी १,५२,१२० झाले होते! त्या रात्री मी एअर फ्रायरमध्ये स्वतः साबुदाणा वडे केले. तेल अजिबात लागलं नाही. नंतर दातांसाठी लवंगेचं लागलं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. उन्हात साडीचा रंग वेगळाच दिसतो म्हणाली. त्या दुकानात गल्ल्याच्या वर ठळक पाटी आहे : ‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही.’ मावशी ही त्या पाटीने विचारात न घेतलेली परिस्थिती होती. ती सकाळी दुकान उघडायला गेली आणि जेवायच्या सुट्टीच्या आत पूर्ण पैसे, दोन टक्क्यांसकट, माझ्या कार्डावर परत करायला लावून आली. “तुझे पैसे सोडवून आणले रे बाबा,” तिने मला कळवलं. आयुष्यात प्रथमच लक्ष्मी रोडवरून कोणाचे तरी पैसे परत आले होते आणि ते नेमके मला नको होते.

“बाबा, परत आलेले पैसे खर्चातून वजा होतात,” मुलगी म्हणाली. “आता तुमचे झाले १,४६,०००.”

“मग पेट्रोल धर.”

“पेट्रोल धरत नाहीत.”

“एअर फ्रायर?”

“ईएमआय पण धरत नाहीत. नुसता घेतला असतात तर झालं असतं.”

“कुठे लिहिलंय असं?”

तिने फोनवर नियमांचं पान उघडलं आणि दोन बोटांनी ताणत, ताणत, ताणत नेलं. अगदी तळाशी, मुंगीच्या डोळ्यांना सोसेल अशा अक्षरांत यादी होती : इंधन, घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, ईएमआय, रोख उचल, दंड, व्याज. माणूस ज्याच्यावर खरोखर पैसे खर्च करतो ते सगळं वगळून जे उरेल, त्याला बँक खर्च म्हणते. चार हजार कमी पडत होते. ते भरून काढायला काय घ्यावं यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. मिक्सर की गादी यावर दोन तट पडले, आणि त्या गडबडीत बारा वाजून गेले. सकाळी १,१७८ रुपये ८२ पैसे खात्यावर पडलेले होते. बँकेने त्याआधी माझं कुठलंही काम इतक्या वेळेवर केलेलं नव्हतं.

आता कार्डाच्या बाजूने बोलायला घरात मी एकटा उरलो. “लाउंज आहे ना!” मी म्हणालो. त्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यामागे नागपूरच्या लग्नाची कथा आहे. विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट खायला मिळतं म्हणून मी सगळ्यांना उपाशीपोटी, भल्या पहाटे घराबाहेर काढलं होतं. लाउंजच्या दारापासून निघालेली रांग पाहून मला आधी वाटलं, इथे कोणीतरी स्वामी उतरलेत. आपला नंबर आल्यावर कार्ड पुढे केलं. मशीनने ते चाटलं आणि बाहेर टाकलं. “सर, मागच्या तिमाहीत तुमचा खर्च पुरेसा नाही,” दारावरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. मागच्या तिमाहीत मी काटकसर केली होती; ती अशी चारचौघांत उघडी पडेल याची कल्पना नव्हती. बायकोने न बोलता पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. लाउंजच्या काचेला लागून असलेल्या बाकावर बसून आम्ही त्या खाल्ल्या. आत उपम्याच्या रांगेत उभे असलेले लोक आमच्याकडे आशेने बघत होते.

“आणि पॉइंट?” मी म्हटलं. “कार्ड बंद केलं तर पॉइंट बुडतील.”

पॉइंट होते ४,८१२. शंभर रुपये खर्च केले की दोन पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे, म्हणजे साधारण बाराशे रुपयांची माझी इस्टेट होती. बंद करण्यापूर्वी ती वसूल करायचं ठरलं. वस्तूंच्या यादीत बायकोला कॅसरोलचा सेट आवडला. तो ५,००० पॉइंटांना होता. १८८ कमी. ते मिळवायला ९,४०० रुपये खर्च करायला हवे होते. मेहुणा फोनवर म्हणाला, “दाजी, फिरवू या की.” त्याच्या टायरचे पैसे तेव्हा यायचे होते, अजूनही आहेत. शेवटी ४,५०० पॉइंटांत लगेज टॅगची जोडी घेतली, आणि ती घेण्याबद्दल बँकेने ९९ रुपये अधिक जीएसटी लावला. टॅग अस्सल चामड्याचे आहेत. एक माळ्यावरच्या लाल बॅगेला बांधलाय. ती हरवली तर आता नक्की परत येईल.

हे झाल्यावर तरी मी कार्ड बंद करायला हवं होतं. पण मेहुण्याने सिबिल काढलं.

“दाजी, कार्ड बंद केलं की सिबिल पडतं.”

सिबिल पडतं हे त्याने ‘बीपी पडतं’ अशा स्वरात सांगितलं, त्यामुळे बायको एकदम गंभीर झाली. तिने ती बातमी वाचलेली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरच्या एका बैठकीत सगळं जुळत आलं असताना मुलीच्या मामांनी नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोर मागितला, त्याच्या नावावरची कर्जं बाहेर आली आणि लग्न मोडलं, अशी ती बातमी. पत्रिकेत छत्तीसपैकी गुण बघतात. इथे ३०० ते ९०० मध्ये बघतात, एवढाच फरक.

“आपल्या घरात मुलगी लग्नाची आहे,” बायको म्हणाली.

“आई, मुलाचा बघतात. मुलीच्या बाबांचा नाही.”

“आज नाही बघत. उद्या बघतील.”

म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या मॅनेजरकाकांकडे गेलो. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या काळी बँकेत पितळी टोकन घेऊन बसावं लागे आणि एवढा वेळ बसलेला माणूस पैसे विचार करूनच खर्च करी, असं त्यांचं मत आहे. स्वतः त्यांनी कधी कार्ड घेतलेलं नाही, पण त्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. आपण वापरत नसलेल्या वस्तूविषयी माणसाचं ज्ञान निर्मळ राहतं.

“१९४९ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा नावाचा गृहस्थ हॉटेलात जेवला आणि पाकीट घरी विसरला म्हणे. त्यातून १९५० साली डायनर्स क्लबचं कार्ड निघालं. तीही गोष्ट पुढे जाहिरातवाल्याने रचली असं सांगतात,” काकांनी मला बसायला सांगण्याआधीच सुरुवात केली. “आता मला सांगा, जेवायला जाताना पाकीट घरी विसरणारी माणसं आपल्याकडे काय कमी होती? पण त्यासाठी कोणी कार्ड नाही काढलं. समोरच्याने बिल दिलं. मग १९८० साली सेंट्रल बँकेने सेंट्रलकार्ड आणलं आणि आपल्याकडेही...”

“काका, सिबिलचं काय?”

काकांनी कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून त्यावर पेन्सिलीने मांडलं. माझ्या दोन कार्डांची मर्यादा तीन लाख. महिन्याचा खर्च ४५ हजार. म्हणजे मिळालेल्या मर्यादेच्या १५ टक्के मी वापरतो. सभ्य माणूस आहे. यातलं दोन लाखांचं कार्ड बंद केलं की मर्यादा राहिली एक लाख. खर्च तोच, पण आता तो ४५ टक्के झाला. म्हणजे याला पैशांची चणचण दिसते. स्कोर थोडा घसरेल, मग काही महिन्यांत सावरेल. वेळच्या वेळी पैसे भरल्याची जुनी नोंद काही लगेच पुसली जात नाही. “तुम्हाला कर्ज काढायचंय का एवढ्यात?”

“नाही.”

“मग स्कोरचं काय लोणचं घालायचंय?”

मी उठणार, इतक्यात काकांनी मला खांदा धरून परत बसवलं. त्यांच्या डोळ्यांत एक चमक आली होती. तशी चमक मी त्यांच्या डोळ्यांत फक्त सोसायटीच्या वार्षिक सभेत, हिशोबात खोट सापडते तेव्हा पाहिली आहे.

“रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम माहीत आहे? ग्राहकाने कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामकाजी दिवसांत बंद केलं पाहिजे. नाही केलं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड. आणि तो ग्राहकाला द्यायचा. तुम्हाला.”

“मला?”

“प्रत्येक दिवसाला. यात रविवारही आला.”

“आणि अट?”

“थकबाकी शून्य पाहिजे.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या बँकेला माझा पत्ता बदलायला एक अख्खा पावसाळा लागला होता. कार्ड बंद करायला महिना तर सहज लागेल. महिन्याचे १५,०००! ईएमआयसकट बाकीची बिलं मी आधीच चुकती केली होती. उरलेले १,१७८ रुपये भरून थकबाकी मिटवायची, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या दंडात भांडवल वसूल, पुढचा सगळा नफा. इतका उत्तम परतावा देणारी योजना मला त्या बँकेच्या कुठल्याच माणसाने आजवर सांगितली नव्हती.

मी त्याच संध्याकाळी फी भरली. पुरे १,१७९ भरले. नातं तोडताना सुट्ट्या पैशांची घासाघीस करू नये.

मग ॲपमध्ये कार्ड बंद करायची जागा शोधायला बसलो. ती ठळक दिसेल अशी असावी असा नियम आहे, आणि ती ठळक होती, करड्या पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांत. तिच्या वर कर्ज हवंय का, विमा हवाय का, मर्यादा वाढवायची का, असे रंगीत चौकोन नाचत होते. एकदा माझं बोट सटकलं आणि पाच लाखांच्या वैयक्तिक कर्जासाठी माझे आभार मानण्यात आले. ते निस्तरून मुलीने एकदाची विनंती पाठवली. बायको दुसऱ्या फोनवर तारकर्लीतली घरगुती राहण्याची सोय बघत होती. समुद्राकडे तोंड असलेली खोली थोडी महाग पडत होती. “दोन दिवस जास्त लावले बँकेने तर बसेल,” ती म्हणाली.

पाचच मिनिटांत फोन.

“सर, तुम्ही कार्ड बंद करण्याची विनंती केली आहे. काही अडचण झाली का?” मुलगी होती, आणि स्वच्छ मराठी बोलत होती. हा वार मला अपेक्षित नव्हता. मी हिंदीत भांडायची तयारी करून ठेवली होती.

“अडचण नाही. बंद करायचंय.”

“सर, तुम्ही आमचे इतके चांगले ग्राहक आहात. तुम्ही एकदाही पेमेंट चुकवलेलं नाही. एकदाही उशीर नाही. सर, अशी माणसं आता कमी झालीत.”

मी खुर्चीत जरा ताठ बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात कोणी असं बोललं नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकला.

“सर, तुम्हाला गमावणं आम्हाला परवडणार नाही.”

“ऐकलंस?” मी बायकोला खुणेने विचारलं. तिने तारकर्लीच्या खोलीचा फोटो माझ्यापुढे धरला.

“सर, मी तुमची निम्मी फी परत करू शकते.”

“नको.”

“सर, एक मिनिट होल्ड करता का? मी माझ्या सीनिअरना विचारते.” सतार वाजली. सतार थांबली. “सर, तुमच्यासाठी खास बाब म्हणून पूर्ण फी परत करतोय आम्ही. जीएसटीसकट. शिवाय ५०० रुपयांचं व्हाउचर.”

पूर्ण फी. ज्याच्यासाठी टायर घेतले, टाक्या भरल्या, साबुदाणा वडे चावले, ते सगळं एका सतारीच्या अंतरावर होतं. मुलगी हातवारे करून ‘हो म्हणा, हो म्हणा’ सांगत होती. पण काकांनी दिवसाला ५०० सांगितले होते, आणि समुद्राकडे तोंड असलेल्या त्या खोलीच्या खिडकीत कोणीतरी एक शहाळंही ठेवलेलं होतं.

“बंद करा,” मी म्हणालो. आवाजात शक्य तेवढी तत्त्वनिष्ठा आणली.

“ठीक आहे, सर,” ती म्हणाली. थोडी हिरमुसली असावी. निदान मला तसं वाटलं.

बँकेने काम करू नये म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो. काका कालनिर्णय घेऊन वर आले आणि कामकाजाचे दिवस मोजू लागले. मध्ये दुसरा शनिवार येत होता, त्यामुळे सातवा दिवस लांबत होता. त्यांनी त्याबद्दल माझी क्षमा मागितली. मेहुण्याने फोन करून “दाजी, माझीपण दोन बंद करतो,” असं कळवलं. बायकोने खोलीवाल्याला विचारून ठेवलं, बांगडा की सुरमई.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मेसेज आला. ‘आपलं कार्ड आपल्या विनंतीनुसार बंद करण्यात आलं आहे.’

घरात शांतता पसरली. सगळ्यात जास्त धक्का काकांना बसला. “एका दिवसात?” ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “आमच्या वेळी असं झालं नसतं हो.” तारकर्लीच्या माणसाला मुलीने नको म्हणून कळवलं.

दुपारी बँकेचा फोन आला. कालची नव्हे, दुसरी मुलगी होती, जरा घाईत. “सर, कार्ड बंद झालंय, पण तुमच्या खात्यात जमा रक्कम दिसतेय. ती तुमच्या बँक खात्यात वळती करायची आहे. एक कॅन्सल्ड चेक पाठवाल का?”

“किती रक्कम आहे?”

“०.१८, सर.”

१,१७९ वजा १,१७८ रुपये ८२ पैसे.

“राहू द्या ती तुमच्याकडे,” मी उदारपणे म्हणालो.

“नाही सर, ती द्यावीच लागते. नियम आहे.”

मी चेकबुक काढलं. शेवटचं एकच पान शिल्लक होतं. त्यावर दोन तिरक्या रेघा मारून मध्ये मोठ्या अक्षरांत ‘कॅन्सल्ड’ लिहीत होतो, तेवढ्यात काका परत आले. त्यांनी चष्मा लावून चेक बघितला, सगळा प्रकार ऐकून घेतला आणि त्यांचा चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. ते खुर्ची ओढून बसले.

“आपल्याकडून हे लोक महिन्याला साडेतीन टक्क्यांनी घेतात,” ते म्हणाले. “तुम्ही त्यांच्याकडे व्याज मागितलंत का?”